नदीचं पाणी मोजायचं कसं: उघड्या पात्रात आणि बर्फाखाली

पावसाळ्यात आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतात ना, कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी इतक्या फुटांवर गेलं. त्यातला फूट कुठनं येतो ते सगळ्यांना माहितीये, पुलाजवळ पट्टी असते ती वाचायची, ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका हे सांगलीत शाळेतलं पोरगं पण सांगेल. पण क्युसेक कुठनं येतो? धरणाचा क्युसेक दरवाजे किती उघडले त्यावरून हिशोब करून काढतात, ते सोपंय. मोकळ्या नदीचा मात्र कुणीतरी पाण्यात उतरून नाहीतर पुलावरून यंत्र सोडून आधी मोजून ठेवलेला असतो, आणि ते कुणीतरी म्हणजे आमच्यासारखे लोक.

मी कृष्णाकाठच्या एका जलमापन केंद्रावर तीन पावसाळे काढले आणि नंतर कॅनडात अल्बर्टाला आलो, इथं पण हेच काम, फरक एवढाच की वर्षातले चार-पाच महिने नदीवर झाकण असतं. इकडे आलेली मराठी पोरं आणि तिकडे सिव्हिल करणारी पोरं दोघंही विचारत असतात की बर्फाखालचं पाणी मोजतात तरी कसं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. आधी उघड्या पाण्याचं, कारण ते कळल्याशिवाय बर्फाचं कळणार नाही.

मोजायचं काय असतं

विसर्ग म्हणजे एका सेकंदात नदीच्या आडव्या छेदातून किती घनमीटर पाणी गेलं. एक घनमीटर प्रति सेकंद म्हणजे एक क्युमेक, आणि एक क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. छेदाचं क्षेत्रफळ गुणिले पाण्याचा वेग, बस. अडचण एवढीच आहे की नदीत वेग कुठेच सारखा नसतो, काठाला कमी मधे जास्त, तळाला कमी वर जास्त, त्यामुळे नदीचे उभे काप करायचे, प्रत्येक कापाची रुंदी, खोली, सरासरी वेग काढायचा, तिन्हीचा गुणाकार करायचा आणि सगळ्या कापांची बेरीज मारायची.

हे रोज करायला कुणाला वेळ नाही. म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना जाऊन मोजायचं, पट्टीवरची पातळी एका बाजूला आणि मोजलेला विसर्ग दुसऱ्या बाजूला असा आलेख काढायचा, त्याला रेटिंग कर्व्ह म्हणतात. एकदा तो बसला की नुसती पट्टी वाचून विसर्ग सांगता येतो. ही पट्टी कधी खरं बोलते आणि कधी थापा मारते हे ओळखणं हेच खरं आमचं काम, पुढे बर्फात ते दिसेलच.

उघडं पाणी: जागा बघणे

अर्धं काम इथंच होतं. सरळ वाहणारा टप्पा शोधा, वळण नको, भोवरा नको, मधे मोठे दगड नकोत, झाडोरा नको, पाणी उलटं फिरत असलेला कोपरा तर अजिबात नको. काठावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून पाण्याकडे बघा, एखादं वाळकं पान सोडून बघा कसं जातंय ते. नवीन पोरं गाडीतून उतरली की थेट टेप काढतात, मग अर्ध्यात कळतं की पलीकडच्या काठाला पाणी उलटं चाललंय.

डावा-उजवा तीर ठरवताना तोंड पाणी वाहतंय तिकडे करायचं, डावा हात तो डावा तीर. साधी गोष्ट आहे पण रजिस्टरमध्ये हीच सगळ्यात जास्त चुकलेली सापडते.

उतरायचं की नाही

खोली मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, दोघांचा गुणाकार साधारण एकच्या जवळ गेला की उतरायचं नाही, पुलावरून मोजा. फुटात काम करणारे दहाचा आकडा धरतात, तीच गोष्ट. म्हणजे कमरेएवढं पाणी संथ असेल तर चालतं आणि गुडघ्याएवढं पाणी जोरात असेल तर तेच पाय उचलतं. लाइफ जॅकेट घाला, आपल्याकडे ते ऑफिसच्या कपाटात असतं, कपाटाला पोहायला लावू नका.

यंत्र

जुनं आणि अजूनही चालणारं यंत्र म्हणजे कपवालं करंट मीटर. विल्यम गन प्राइस नावाच्या इंजिनिअरने १८८२ साली ओहायो नदीवर काम करताना हे बनवलं, त्याच्याच नावाने आजही प्राइस मीटर म्हणतात. सहा छोटे कप गोल फिरतात, फेऱ्या मोजायच्या, वेळ मोजायची. एए नावाच्या मोठ्या मीटरची एक फेरी म्हणजे साधारण ६७ सेंटिमीटर पाणी पुढे गेलं, त्यात एक बारीक स्थिरांक मिळवायचा. समजा ४५ सेकंदात ५० फेऱ्या झाल्या, तर सेकंदाला १.११ फेऱ्या, वेग आला ०.७५ मीटर प्रति सेकंद. हे समीकरण यंत्राच्या कॅलिब्रेशनमधून येतं, आणि ते करायची सोय आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात आहे, लांबलचक पाण्याच्या टाकीवरून ट्रॉली ठराविक वेगाने पळवतात आणि मीटर तिला लटकवलेलं असतं, म्हणजे पाणी थांबलेलं आणि मीटर पळतंय.

निघायच्या आधी स्पिन टेस्ट करा. वारा लागणार नाही अशा जागी बोटाने कप फिरवून सोडायचे आणि घड्याळ लावायचं, एए मीटर दोन मिनिटांच्या आत थांबलं तर त्या दिवशी ते वापरू नका, चांगलं असेल तर चार मिनिटं सहज फिरतं. थांबताना हळूहळू थांबलं पाहिजे, गचका देऊन थांबलं तर पिव्हट, म्हणजे कप ज्या टोकदार खिळीवर फिरतात ती, गेली समजा.

प्रत्यक्ष मोजणी

नदीला काटकोनात टेप ताणा. २० ते २५ उभ्या जागा ठरवा, पण समान अंतरावर ठरवायच्या असा हट्ट नको, जिथं पाणी खोल आणि जोरात आहे तिथं जागा जवळजवळ घ्या, काठाच्या उथळ भागात लांब चालतात. कुठल्याही एका कापातून एकूण विसर्गाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी जाता कामा नये, ५ च्या आत बसलं तर उत्तम. कारण उघड आहे, एका जागी चूक झाली तर सगळा आकडा बुडू नये.

प्रत्येक जागी आधी खोली. मग खोली ०.७५ मीटरपेक्षा कमी असेल तर वरून ०.६ खोलीवर एकदाच वेग घ्यायचा, जास्त असेल तर ०.२ आणि ०.८ खोलीवर दोनदा घेऊन सरासरी. मोकळ्या पाण्यात वेग वरून तळाकडे एका ठरावीक वळणाने कमी होत जातो आणि ०.६ खोलीच्या आसपास सरासरी वेग सापडतो, त्यावरच हे सगळं उभंय. उभं राहताना मीटरच्या बाजूला, थोडं खालच्या अंगाला, हातभर लांब राहा, तुमच्या पायांनी अडवलेलं पाणी मीटरला लागता कामा नये. निदान ४० सेकंद मोजा, नदीचा वेग श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होत असतो, दहा सेकंदात तुम्हाला एक श्वासच मिळेल.

एक जागा करून दाखवतो. टेपवर १२ मीटर, अलीकडची जागा ११ वर, पलीकडची १३ वर, म्हणजे या कापाची रुंदी दोन्हीकडचं अर्धं अर्धं मिळून १ मीटर. खोली १.२० मीटर. मीटर ०.२४ वर लावलं, वेग ०.८२ आला. ०.९६ वर लावलं, ०.५४ आला. सरासरी ०.६८. गुणिले १.२० गुणिले १, आले ०.८१६ क्युमेक, म्हणजे जवळपास २९ क्युसेक. समजा सगळ्या नदीची बेरीज १२ क्युमेक आली तर हा एक काप ६.८ टक्के झाला, तेव्हा पुढच्या वेळी इथं जागा दाट घ्यायच्या.

खालचा वेग वरच्यापेक्षा जास्त आला किंवा वरचा खालच्याच्या दुपटीपेक्षा जास्त आला तर काहीतरी गडबड आहे, दगड असेल, शेवाळ असेल. मग ०.६ वर पण घ्या आणि त्याला दुप्पट वजन देऊन तिघांची सरासरी काढा, म्हणजे वरचा, खालचा आणि मधला दोनदा अशी बेरीज करून भागिले चार. पाणी टेपला तिरकं येत असेल तर कोनाचा कोसाइन लावायचा, हा विसरलात तर आकडा नेहमी जास्तच येतो, कमी कधीच नाही.

सुरुवातीला आणि शेवटी पट्टी वाचा आणि वेळ लिहा. पुरात तासाभरात पाणी चढतं, मग मोजलेला विसर्ग नक्की कुठल्या पातळीचा हे कळत नाही.

पुलावरून किंवा केबलवरून करताना मीटरखाली माशासारखं वजन बांधतात, फिश वेट, जोराच्या पाण्यात ते खालच्या अंगाला वाहवत जातं आणि दोर तिरका होतो, मग खोली आहे त्यापेक्षा जास्त दिसते, त्याची दुरुस्ती करावी लागते नाहीतर वजन वाढवावं लागतं. आणि काहीच नसेल, पूर आलाय, यंत्र सोडलं तर ओंडका घेऊन जाईल, तेव्हा फ्लोट. ठरावीक अंतर तरंगती वस्तू किती सेकंदात गेली ते बघायचं आणि त्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणायचं कारण पृष्ठभाग सरासरीपेक्षा जोरात पळतो. मी एकदा पुरात वाहत आलेला प्लॅस्टिकचा ड्रम वापरून मोजलंय, आकडा ओबडधोबड येतो पण शून्यापेक्षा बरा.

आजकाल एडीसीपी आलंय, छोट्या तरंगत्या होडीवर बसवलेलं आवाजाच्या लहरींचं यंत्र, या काठावरून त्या काठाला ओढत न्यायचं आणि ते खोली, वेग सगळं एकदम देतं. मस्त आहे. पण एका फेरीवर विश्वास ठेवू नका, जायच्या-यायच्या जोड्यांनी फेऱ्या मारा आणि सगळ्या मिळून निदान ७२० सेकंद भरू द्या. आणि आधी तळ हलतोय का याची टेस्ट घ्या. पुरात तळाची वाळू वाहत असते, यंत्राला वाटतं तळ स्थिर आहे आणि होडीच उलटी चाललीये, मग विसर्ग कमी दाखवतं.

आता बर्फ

पहिला प्रश्न हाच येतो की रेटिंग कर्व्ह आहे, पट्टी आहे, मग हिवाळ्यात जायचंच कशाला. तर पट्टी इथं थापा मारते. नदीवर बर्फाचं झाकण आलं की पाण्याला खाली तळ घासतो आणि वर बर्फ घासतो, तेवढंच पाणी जायला नदीला जास्त उंची लागते. रुंद नदी धरा आणि बर्फ तळाइतकाच खडबडीत धरा, तर मॅनिंगच्या सूत्राने, म्हणजे खोली, उतार आणि खडबडीतपणा यांवरून वेग काढायच्या सूत्राने, तेवढ्याच विसर्गाला खोली साधारण ३२ टक्के जास्त लागते, वर बर्फाची पाण्यात बुडालेली जाडी वेगळीच. म्हणजे पातळी चढलेली दिसते आणि पाणी खरं तर कमी झालेलं असतं. नोव्हेंबरात नदी गोठायला लागते तेव्हा तर गंमत असते, पट्टी वर उडी मारते आणि त्याच वेळी विसर्ग खाली पडतो कारण पाण्याचाच बर्फ होत असतो. कॅनडाच्या सरकारी आकड्यांत अशा दिवसांपुढे बी हे अक्षर छापलेलं असतं, म्हणजे बर्फाचा परिणाम आहे, कर्व्ह लागू नाही.

आणि नेमकं हिवाळ्यातच नदीत सगळ्यात कमी पाणी असतं. अथाबास्का नदीतून तेलवाळूच्या खाणी पाणी उचलतात, खाली मासे आहेत, गावं आहेत, किती उचलू द्यायचं हे ठरवायला हिवाळ्याचाच आकडा लागतो.

बर्फावर पाय ठेवण्याआधी

नदीचा बर्फ तळ्याच्या बर्फासारखा नसतो, दहा पावलांवर जाडी अर्धी होऊ शकते. माझा नियम १५ सेंटिमीटर चांगला, निळसर पारदर्शक बर्फ असेल तरच पायी जायचं, पांढरा दुधी बर्फ असेल तर त्याची जाडी अर्धीच धरायची. एकटं कधीच नाही. तरंगणारा सूट, गळ्यात बर्फात रोवायचे दोन खिळे, जोडीदाराकडे फेकायची दोराची पिशवी. हातात लांब छिन्नी घेऊन प्रत्येक पावलाआधी पुढे दोनदा ठोकायचं, आवाज पोकळ आला किंवा छिन्नी आरपार गेली की आल्या पावलांनी परत. पुलाचे खांब, ओढा येऊन मिळतो ती जागा, सांडपाण्याचा पाइप, खळखळाट, इथं बर्फ पातळ असतो. जानेवारी-फेब्रुवारीत आपले ट्रेकर झंस्कारवर चादर करायला जातात, तिथले स्थानिक वाटाडे काठीने ठोकत ठोकत पुढे जातात ना, तीच विद्या.

छेद उन्हाळ्यात निवडा

बर्फावरून तळ दिसत नाही, धार दिसत नाही, तिरकं पाणी कळत नाही. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरातच उघड्या पाण्यात जागा बघून ठेवायची आणि दोन्ही काठांवर खुणा करायच्या. मोठ्या खळखळाटाच्या लगेच खाली नको. तिथं उघड्या पाण्यात फ्रेझिल तयार होतो, म्हणजे पाणी शून्याच्याही किंचित खाली जाऊन त्यात बर्फाच्या बारीक चकत्या तरंगतात, त्या वाहत येऊन झाकणाखाली साचतात आणि त्याचा स्लश होतो. मराठीत आपल्याला सगळ्यालाच बर्फ म्हणायची सवय, पण इथं फरक कळावा लागतो, तर स्लश म्हणजे गोळेवाल्याचा चुरा समजा, सरबत घातलेला, ओला, सैल.

भोकं पाडणे

आधी तीन-चार भोकं लांब लांब पाडून बघा, सगळीकडे स्लशच स्लश असेल तर नदीच्या वर-खाली सरकून दुसरी जागा धरा, वीस भोकं पाडून मग कळण्यात काही मजा नाही, पाठ बोलते. बरं असेल तर इंजिनच्या ऑगरने, म्हणजे बर्फात भोक पाडायच्या मोठ्या गिरमिटाने, २५ सेंटिमीटर व्यासाची निदान २० भोकं, उघड्या पाण्याचाच नियम, जोराच्या भागात दाट.

भोक पडलं की पाणी वर येतं आणि बर्फाच्या वरच्या पृष्ठभागाच्या जरा खाली थांबतं. बर्फाचा सुमारे ९२ टक्के भाग पाण्यात बुडालेला असतो, ६० सेंटिमीटर जाड बर्फ असेल तर पाणी वरून साधारण ५ सेंटिमीटर खाली दिसेल. पाणी भोकातून उसळून बाहेर आलं तर वर हिमाचा भार जास्त आहे किंवा खाली पाणी दाबाखाली आहे, सावध राहा.

आता मापं, आणि सगळी मापं भोकातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून. पहिलं, तळापर्यंतची पूर्ण खोली. दुसरं, बर्फाच्या खालच्या कडेपर्यंत, त्याला खाली आडवा आकडा असलेली काठी असते, ती आत सोडून बाजूला सरकवायची आणि वर ओढायची, आकडा बर्फाला खालून अडकला की हाताला टक् जाणवतं, तिथं वाचायचं. तिसरं, स्लश. हा काठीने नीट कळत नाही कारण सैल असतो. मीटर स्लशच्या पार खाली सोडा, कप मोकळे फिरायला लागतील, मग हळूहळू वर ओढत आणा, फेऱ्यांचा आवाज थांबला ती स्लशची खालची कड.

पूर्ण खोलीतून ही कड वजा केली की उरते ती परिणामी खोली, पाणी खरं तेवढ्यातच वाहतं. उदाहरण घ्या. पूर्ण खोली १.६२. बर्फाची खालची कड ०.५५ वर, स्लशची ०.७० वर. परिणामी खोली ०.९२. आता ०.२ चा बिंदू पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही, स्लशच्या कडेपासून धरायचा, म्हणजे ०.७० अधिक ०.१८, मीटर ०.८८ वर. ०.८ चा बिंदू १.४४ वर. वेग आले ०.३१ आणि ०.२७, सरासरी ०.२९. भोकांमधलं अंतर २ मीटर. ०.२९ गुणिले ०.९२ गुणिले २, म्हणजे ०.५३ क्युमेक.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी स्लश धरलाच नाही, काठीने बर्फाची कड वाचली आणि पुढे गेलो. वरच्या भोकात तसं केलं तर खोली १.०७ येते आणि विसर्ग ०.६२, म्हणजे सरळ १६ टक्के जास्त, सगळ्या नदीभर. सिनियरने कागद बघून एवढंच विचारलं, स्लशचा रकाना रिकामा का आहे? दुसऱ्या दिवशी उणे २४ मध्ये परत गेलो, त्याच भोकांवर आलेला नवा बर्फ फोडत.

वेगाचं गणित इथं बदलतं

मोकळ्या पाण्यात वर वेग जास्त असतो. झाकणाखाली वर पण ब्रेक आणि खाली पण ब्रेक, सगळ्यात जास्त वेग मधे कुठेतरी. त्यामुळे दोन बिंदूंची ०.२ आणि ०.८ ची सरासरी इथं छान चालते, पण उथळ जागी एकच बिंदू घेत असाल तर तो वेग सरासरीपेक्षा जास्त निघतो, त्याला गुणक लावायलाच हवा. परिणामी खोलीच्या मधोमध, ०.५ वर घेतला तर साधारण ०.८८, ०.६ वर घेतला तर साधारण ०.९२. आपल्याकडून आलेला माणूस इथं हमखास चुकतो कारण ०.६ म्हणजे गुणक नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उथळ नदीत आठ-नऊ टक्के असेच जास्त येतात.

मीटर भोकाच्या वरच्या, म्हणजे पाणी येतं त्या कडेला धरा, भोकात पाणी वरखाली धडधडत असतं त्याचा परिणाम कमी होतो. आणि मीटर हवेत ठेवू नका. उणे २० मध्ये एका भोकातून दुसऱ्यात नेताना दहा सेकंदात कपांवर बर्फ चढतो, लगेच पुढच्या भोकात बुडवा, नदीचं पाणी शून्य अंशाचं असतं म्हणजे बाहेरच्या मानाने गरमच, दोन मिनिटांत सुटतं. ठोकून काढायला जाऊ नका, पिव्हट वाकतो. स्लशच्या नदीत घन प्लॅस्टिकचे कप असलेलं रोटर लावतात, चुरा कमी चिकटतो. बॅटऱ्या अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. पेन चालत नाही, पेन्सिल.

एडीसीपी इथं पण चालतं, होडी ओढता येत नाही म्हणून प्रत्येक भोकात खाली सोडून एकेक जागा मोजायची. यंत्राचं तोंड बर्फाच्या खालच्या कडेच्या जरा खाली पाहिजे, वर राहिलं तर लहरी भोकाच्या भिंतींना आपटतात. यंत्राच्या अगदी जवळचं आणि तळाजवळचं पाणी त्याला दिसत नाही, तिथं ते अंदाज भरतं, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये वर बर्फ आहे हे सांगितलंय ना तपासा, नाहीतर ते आपलं उन्हाळ्याच्या वळणानेच भरत बसतं.

परत आल्यावर मोजलेला विसर्ग आणि त्या दिवशीची पट्टी आलेखावर ठेवायची, ती कर्व्हच्या बाहेर पडणारच, तो बर्फाचा परिणाम. एका हिवाळ्यात अशा तीन-चारच मोजण्या होतात, मधल्या दिवसांचा विसर्ग हवामान आणि शेजारच्या नद्यांचे आकडे बघून भरावा लागतो. एप्रिलमध्ये बर्फ फुटायला लागला, कडकड आवाज यायला लागले, काठाला पाणी दिसलं, की त्या आठवड्यात आकडा राहू द्या, काठावरून फोटो काढा.

आणि निघताना एक काम राहतं. ती वीस भोकं रात्रीत वरवर गोठतात, वर हिम पडतं आणि काही दिसत नाही, सकाळी कुणीतरी कुत्रं घेऊन नाहीतर स्नोमोबाइलवर तिथनंच जातं. प्रत्येक भोकाशेजारी स्प्रूसची फांदी उभी रोवा.